नाचाची फरशी

युद्धाआधी सालोनिकात थडग्यांच्या दगडांवर अक्षरं कोरणारे ज्यू पाथरवट गल्लीभर होते. युद्ध संपल्यावर त्यांतला एकच परत आला, ओवाद्या बेराहा, आणि त्याला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. ज्यांच्यासाठी दगड लागले असते त्यांची राख पोलंडातल्या कुठल्याशा तळ्यात ओतली गेली होती, आणि जे दगड घडवून घ्यायला आले असते तेही त्याच राखेत होते. "मरण एवढं स्वस्त झालं, की आमचा धंदाच बसला," असं तो बंदरावर आपल्याबरोबर पोती उचलणाऱ्या ग्रीक हमालांना सांगायचा. ते हसायचे नाहीत. मग तो एकटाच हसायचा.

कबरस्तानही गेलं होतं. ते तर त्याच्या डोळ्यांदेखत गेलं. गाव जर्मनांच्या ताब्यात होतं; त्यांनी ते मोडायला हो म्हटलं, आणि त्या हिवाळ्यात गावातली माणसं पहारी, गाढवं, हातगाड्या घेऊन तिकडे लोटली. शेकडो वर्षांचे दगड. कोणी जिन्याला नेले, कोणी गोठ्याला, कोणी मोरीला. ओवाद्या तेव्हा कुंपणाबाहेर उभा राहून बघत होता. त्याचा पहिला मुलगा हाइम, युद्धाच्या आधी घटसर्पाने गेलेला चार वर्षांचा पोरगा, आत पुरलेला होता. संध्याकाळी माणसं पांगल्यावर तो आत शिरला, तर त्या जागी खड्डा होता आणि खड्ड्यात पाणी होतं. पुढे वसंतात आगगाड्या सुटायला लागल्या. आधी मेलेल्यांना हाकललं, मग जिवंतांना. बायको दौदून आणि दोन्ही मुली गाडीतून उतरल्या त्याच दिवशी गेल्या. ओवाद्याला दगड फोडता येत होता म्हणून तो राहिला.

परत आल्यावर त्याने लग्न केलं. त्या वर्षी सगळेच करत होते. एकाच छताखाली जोडप्यांची रांग उभी राहायची, रब्बी आशीर्वाद एकदाच म्हणायचा आणि सगळ्यांनी तो वाटून घ्यायचा. पालोम्बा स्टेशनाजवळच्या वस्तीतली, त्याच्यापेक्षा बरीच लहान. तिचंही कोणी उरलं नव्हतं. तिचा नवरा कोण होता, मूल किती वर्षांचं होतं, हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. एका बचावलेल्या सिनेगॉगमध्ये लष्करी कांबळी टांगून खोल्या पाडल्या होत्या, त्यांतली एक त्यांना मिळाली. पलीकडच्या कांबळ्यातलं जोडपं झोपेत ओरडायचं. ही दोघं एकमेकांना अजून 'तुम्ही' म्हणत होती.

अशात अनेस्तिस त्याला शोधत बंदरावर आला. गावाबाहेर किनाऱ्यावर, आशिया मायनरहून आलेल्या निर्वासितांच्या वस्तीत, त्याची मासे-दारूची खाणावळ होती. पोट सुटलेला, आवाज खणखणीत, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात टाकायची सवय.

"तू बेराहा ना? दगडवाला?"

"होतो."

"होतो म्हणजे? हात जागेवर आहेत ना?" त्याने ओवाद्याचे हात उलटेपालटे करून पाहिले. मनगटाच्या वरचा निळा आकडा दिसला तेव्हा बाही हळूच खाली ओढली. "हे बघ मिस्त्री, अंगणात नाचाची फरशी घालतोय. संगमरवर आहे, अस्सल."

"कुठून आणलात, कीर अनेस्तिस?" ओवाद्याने ग्रीकांच्या रीतीने अदबीचं 'कीर' लावून विचारलं.

"आता कुठून म्हणजे? तुला ठाऊक आहे कुठून. सगळ्यांनी आणला तिथूनच. मी तर विकत घेतलाय, चोरला नाही."

"मग घाला की."

"अक्षरं आहेत रे त्याच्यावर! बायकांच्या टाचा अडकतात. परवा एक इंग्रज सोल्जर आला, खाली वाकून बघितलं आणि भरला ग्लास तसाच टाकून चालता झाला. दोन मिस्त्री लावले. एकाने लाद्या फोडल्या, दुसऱ्याने खड्डे पाडले. म्हणतात, अक्षर किती खोल गेलंय ते कोरणाऱ्यालाच कळतं."

"उलट्या बसवा."

"पाठ कच्ची असते, हे मी तुला सांगू? ती घासत बसलो तर माझी पोरगी म्हातारी होईल. मला ईस्टरनंतर अंगण उघडायचंय." मग त्याने आवाज उतरवला. "पीठ देईन, तेल देईन, रोजचे ताजे मासे देईन. बायको पोटुशी आहे म्हणे तुझी."

"दुसरा कोणी बघा."

"दुसरा आहे कुठे? तुम्ही सगळे तर..." एवढं बोलून अनेस्तिस अडखळला, मिशी पुसली आणि निघून गेला.

संध्याकाळी ओवाद्याने ही गोष्ट पालोम्बाला सांगितली. मनातून त्याला वाटत होतं, ती चिडेल, थुंकेल, आणि मग आपल्यालाही बरं वाटेल. ती घेवड्याच्या शेंगा मोडत होती. तिने एवढंच विचारलं, "तेल किती देतो म्हणाला?"

"पालोम्बा, आपल्या लोकांची नावं आहेत ती. मीच कोरलेली."

"आणि तुम्ही नाही पुसलीत तर राहणार आहेत का ती?"

"कोणीतरी पुसेल. मी कशाला?"

"कारण त्या कोणीतरीला तेल मिळेल." तिने शेंगांचं भांडं बाजूला सरकवलं. "काल मी दात दुखतो म्हणून गेले, तर डॉक्टर काय म्हणाला माहीत आहे? दूध प्या. मी म्हटलं, बरं. दगडाला पोट नसतं हो. मला आहे."

ओवाद्या दुसऱ्या दिवशी ज्यू समाजाच्या मंडळाच्या कचेरीत गेला. तिथला चिटणीस युद्धभर डोंगरात जर्मनांशी लढणाऱ्या पार्टिझनांबरोबर होता. सभ्य, थकलेला माणूस. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आम्ही सरकारकडे अर्ज केलाय. दगड परत मागितलेत. उत्तर येईपर्यंत कोणाशी भांडण नको."

"आणि उत्तर येईपर्यंत मी काय खाऊ?"

"आम्ही सगळे काय खातो?" चिटणीस म्हणाला. ते खरंच होतं, म्हणून ओवाद्याला जास्त राग आला. तो तडक चालत किनाऱ्यावर गेला.

लाद्या अंगणात समुद्राकडे तोंड करून पसरल्या होत्या. पहिल्या दिवशी त्याने प्रत्येक दगड पुसला, ओठ हलवत वाचला, मग छिन्नी लावली. हा गल्लीतल्या सापोर्ता पाथरवटाचा हात: अक्षराच्या शेपट्या लांब ओढायची त्याला खोड होती. हा आपल्या बापाचा: उथळ, पण सरळ. ही विधवा मिर्कादा, हिच्या मुलांनी दगडावरून भांडण केलं होतं, थोरला म्हणे वेल हवी, धाकटा म्हणे साधा हवा. शेवटी अर्धीच वेल कोरली होती. ओवाद्याला हसू आलं, आणि मग त्याने ती अर्धी वेल काढून टाकली.

काम फार हळू चाललं होतं. दुपारी अनेस्तिस वाइनचा ग्लास घेऊन आला, उकिडवा बसला.

"काय पुटपुटतोस रे सारखा?"

"वाचतो."

"वाचून काय होतं? ऐक, मी समुद्रापलीकडच्या आयवलीहून आलो तेव्हा दहा वर्षांचा होतो. बापाला तुर्कांनी मजुरीला म्हणून नेलं, तो गेला तो गेलाच. आजाची कबर होती चर्चच्या मागे, त्यावर आता कोंबड्या पाळल्यात म्हणे. मी काय रडत बसलो? मी माशांची गाडी ओढली."

"थोडं रडायला हवं होतंत."

"का?"

"मग हे दगड घेतले नसतेत."

अनेस्तिस त्याच्याकडे बघत राहिला. ओवाद्याला वाटलं, गेलं काम. पण तो मोठ्याने हसला, त्याच्या पाठीवर थाप मारली. "जीभ मात्र ठेवली हं जर्मनांनी तुझी! पी. आणि हात जरा लवकर चालव."

हात लवकर चालायला लागला. आठवडा संपता संपता ओवाद्या वाचेनासा झाला. वाचलं की थांबावं लागत होतं, आणि थांबलं की दगडामागून माणूस उभा राहत होता, त्याचं दुकान, त्याचा दम्याचा खोकला, त्याने बुडवलेलं बिल. न वाचलं की नुसती खाच राहायची, इतकी खोल, इतकी रुंद. तो तेल घरी न्यायचा, मासे न्यायचा. पालोम्बाच्या गालावर रंग चढला. पलीकडच्या कांबळ्यातल्यांनाही ती एखादा मासा द्यायची. त्यांनी कुठून आला म्हणून कधी विचारलं नाही.

मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्याची पाळी आली. त्यासाठी अनेस्तिसने एक छोटा दगड वेगळा काढून भिंतीला टेकून ठेवला होता. ओवाद्याने तो आडवा केला आणि छिन्नी टेकवली. शेवटच्या ओळीची अक्षरं दाटीवाटीने कोंबलेली होती, एकमेकांच्या अंगावर रेललेली, एखाद्या शिकाऊ पोराने जागेचा अंदाज चुकून कोरावीत तशी. तो शिकाऊ नव्हता. त्या दिवशी त्याचे हात कापत होते. 'हाइम, ओवाद्याचा मुलगा.'

त्याने हत्यारं खाली ठेवली आणि दगडाशेजारी बसून राहिला. अनेस्तिसची बायको बादली रिकामी करायला बाहेर आली, तिने त्याचा चेहरा पाहिला आणि नवऱ्याला हाक मारली.

"माझ्या मुलाचा आहे," ओवाद्या म्हणाला. "हा मी नेतो."

अनेस्तिसने टोपी काढली, क्रूस केला. "ने की रे! विचारतोस काय? मी काय जनावर आहे? माझी हातगाडी ने." त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. त्याने स्वतः दगड उचलून गाडीवर ठेवायला मदत केली, खाली पोतं पसरलं. ओवाद्याने दांड्या धरल्या, तेव्हा तो कान खाजवत म्हणाला, "फक्त ते एक... उंबरा उघडा पडला की मग. सण तोंडावर आलाय. त्याच मापाचा दुसरा आणून देशील? तिकडे अजून ढीग पडलेत. तू जाणकार माणूस, तुला बरोबर सापडेल."

"देतो," ओवाद्या म्हणाला.

जुन्या कबरस्तानाच्या जागेवर कसल्याशा मोठ्या इमारतीचे पाये खणले जात होते. पहारेकऱ्याला सिगारेटचं पाकीट दिलं की तो पाठ फिरवायचा. ओवाद्या वितीने मापत ढिगाऱ्यांतून हिंडला. मोठे दगड होते, मोडके होते, माप कुठे जमेना. मग एकदम त्याच्या लक्षात आलं, की त्या मापाचा दगड म्हणजे पोराचाच असणार. मोठ्या माणसाला कोणी एवढासा दगड करत नाही.

असे चार-पाच एका कडेला पडले होते. त्यांतला एक पालथा होता, चिखलात तोंड खुपसून. बाकीच्यांची अक्षरं वर होती. त्यांच्याकडे न बघता त्याने पालथाच उचलला. गाडीवरही पालथाच ठेवला. वाटेत दोनदा त्याला वाटलं, उलटून बघावं. रस्ता चढाचा होता, गाडी सोडली तर मागे जाईल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

तो दगड त्याने तसाच, पालथा बसवला. त्याची कच्ची पाठ घासायला दोन दिवस गेले, वाळू आणि पाणी घेऊन, बोटांची सालं निघेपर्यंत. अनेस्तिस म्हणाला, "अरे, तोंड वर केलं असतंस तर तासाभराचं काम होतं." ओवाद्याने वाळूची आणखी एक मूठ दगडावर टाकली. सगळ्या फरशीत एवढ्या एका दगडाची अक्षरं शाबूत राहिली होती, मातीखाली का होईना. त्याला वाटलं, आपण निदान एक चांगलं काम केलं.

हाइमचा दगड त्याने घरी आणला तेव्हा कांबळ्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. पालोम्बा खाटेवर बसून त्याच्याकडे बघत होती. त्याने सगळं सांगितलं. दुसरा दगड आणला तेही सांगितलं.

"कोणाचा होता?"

"माहीत नाही. पालथा होता."

"उलटा करून बघायला किती वेळ लागला असता?"

"मी मुद्दाम नाही बघितलं. पालथाच बसवला, म्हणजे अक्षरं राहतील. कोणी पुसणार नाही."

"मुद्दाम नाही बघितलंस," ती म्हणाली. पहिल्यांदाच ती त्याला एकेरीत बोलत होती. "चांगुलपणा सांगू नकोस मला. वाचलं असतंस तर उचलवलं नसतं तुला. म्हणून नाही वाचलंस."

पलीकडची कुजबुज थांबली होती.

"तुला वाटतं, तुझं फार मोठं दुःख आहे या दगडात," पालोम्बा हळूच म्हणाली. "तुझा मुलगा घटसर्पाने गेला. घरात, अंथरुणात. तू त्याला धुतलंस, पुरलंस, दगड कोरलास. शेजारीपाजारी रीतीप्रमाणे अंडी घेऊन आले असतील सांत्वनाला. आपल्या सगळ्यांत श्रीमंत तू आहेस ओवाद्या. माझा दीड वर्षाचा होता. गाडीतून उतरताच एका बाईने माझ्या हातातून ओढून घेतला आणि माझ्या सासूच्या हातात दिला, म्हणाली, म्हाताऱ्यांकडे द्या पोरं. मी तिला शिव्या दिल्या. ज्यांच्या हातात पोरं होती त्या बाया त्याच दिवशी गेल्या. तिने मला जगवलं म्हणून मी अजून तिला शिव्या देते."

"नाव काय होतं त्याचं?" त्याने विचारलं.

"नाही सांगायची," ती म्हणाली. "तुझ्या हातात छिन्नी आहे."

हाइमचा दगड समाजाच्या नव्या कबरस्तानात नेला. तिथल्या रखवालदाराने विचारलं, खाली काय आहे? ओवाद्या म्हणाला, काही नाही. रखवालदार म्हणाला, मग भिंतीच्या कडेला लावा, जागा मेलेल्यांना लागते. त्याने भिंतीच्या कडेला लावला. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. रखवालदार धरून दोघेच होते, म्हणून प्रार्थना झाली नाही.

अनेस्तिसचं नाचाचं अंगण ठरल्याप्रमाणे उघडलं. त्याने आदल्या दिवशी निरोप पाठवला होता, बायकोला घेऊन ये, तुम्ही माझे पाहुणे. ओवाद्याला जायचं नव्हतं. पालोम्बाने केस विंचरले. "मला टेबलक्लॉथवर ठेवलेला गरम मासा खायचाय," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. कोणाच्या अंगणात खाल्ला याच्याशी मला देणंघेणं नाही."

रविवारची दुपार होती, समुद्र चकाकत होता. फरशी पांढरीशुभ्र दिसत होती. कुठे काही लिहिलेलं होतं असं सांगूनही खरं वाटलं नसतं, इतकं काम सफाईचं झालं होतं. ओवाद्याने आपली थाळी पुढे सारली. पालोम्बाने आपला मासा संपवला, त्याचाही संपवला, काट्यांवरून बोट फिरवून तेल पुसून घेतलं. बुझुकीच्या तारा वाजू लागल्या. माणसं उठली, खांद्यावर हात टाकून गोल नाचू लागली. टाचा अडकल्या नाहीत. अनेस्तिस घामाघूम होऊन त्यांच्या टेबलाशी आला, ओवाद्याला ओढून उभा केला आणि ओरडला, "हा बघा, हा! माझी फरशी याने केली! आरशासारखी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी ग्लास त्याच्या हातात दिला. ओवाद्याने तो घेतला, कारण सगळे बघत होते, आणि प्यायला, कारण सगळे थांबले होते. तो खाली बसला तेव्हा पालोम्बा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती. वाढपी थाळ्या घेऊन ये-जा करत होते. एका पोरीने उंबऱ्यावर उभं राहून चपलेतला खडा झटकला.

"तोच का?" पालोम्बाने विचारलं.

"तोच."

ती उठली. त्याला वाटलं, आता ही काहीतरी करणार, ओरडणार. ती दारापर्यंत गेली, अनेस्तिसच्या बायकोकडे पाणी मागितलं, तिथेच उभं राहून प्यायली, आभार मानले आणि परत आली. "चल," म्हणाली. "पाय सुजलेत माझे."

उन्हाळ्यात मुलगी झाली. तोवर ओवाद्याच्या सफाईदार हाताची बातमी पसरली होती. एका शाळेच्या पायऱ्या नव्याने बसवायच्या होत्या. कंत्राटदार सिनेगॉगच्या दाराशी आला.

"अक्षरं आहेत?" ओवाद्याने विचारलं.

"आहेत म्हणूनच तुझ्याकडे आलो."

पालोम्बा मुलीला पाजत होती. तिने मान वर केली नाही. ओवाद्याने हत्यारांची पिशवी घेतली आणि गेला.

या वेळी त्याने पहिला दगड ओढला, धुतला, आणि मोठ्याने वाचला. पुटपुटून नाही, रस्त्यावरून जाणाऱ्याला ऐकू जाईल असा. नाव, बापाचं नाव, वर्ष. मग छिन्नी न लावता बाजूला ठेवला आणि दुसरा ओढला. एका दगडावर शेवाळ होतं, अक्षरं लागत नव्हती. ते खरवडून काढण्यात त्याची सगळी सकाळ गेली. मजूर आधी हसले, मग कंटाळले. दोन-तीन पोरं जमली होती, ती त्याची नक्कल करायला लागली, आणि नावं कशीही उच्चारली तरी ती नावंच होती म्हणून ओवाद्याने त्यांना हाकललं नाही.

दुपारी कंत्राटदार आला. "काय चाललंय हे? एकही पायरी नाही?"

"हे वाचून झाल्याशिवाय मी हात लावणार नाही."

"किती आहेत असे?"

"सगळेच आहेत."

कंत्राटदाराने त्याच्याकडे बघितलं, रागाने नाही, जरा कीव केल्यासारखं. "घरी जा मिस्त्री," तो म्हणाला. "तान्ही मुलगी आहे ना तुला?"

ओवाद्या घरी गेला. वाटेत त्याने वाचलेली नावं मनात घोळवायचा प्रयत्न केला. बंदरापर्यंत येता येता त्यांतली दोन उरली होती, आणि त्यांतल्याही एकाच्या बापाचं नाव निसटलं होतं. पालोम्बाने विचारलं, तेल? त्याने नकारार्थी मान हलवली. तिने मुलीला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारणीकडून उसनं मागायला कांबळ्यापलीकडे गेली. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा बंदरावर पोती उचलू लागला.

शाळेच्या कामावर कंत्राटदाराने दुसरा मिस्त्री आणला, डोंगरातल्या कुठल्याशा खेड्यातला. त्याला हिब्रू तर सोडाच, ग्रीकही वाचता येत नव्हतं. पायऱ्या वेळेवर झाल्या.